‘फोर्ट स्टिकीन’ : एका मालवाहू जहाजाचा प्रवास आणि मुंबईची गोदी

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. शाळाशाळांतून प्रात्यक्षिके होतात, कारखान्यांतून आगप्रतिबंधक उपायांची उजळणी होते आणि अग्निशमन केंद्रांवर कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या जवानांना मानवंदना दिली जाते. या सप्ताहाचा आरंभ १४ एप्रिललाच का होतो, याचे उत्तर मुंबई बंदराच्या इतिहासात आहे. शुक्रवार, दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजाला आग लागली आणि चार वाजून सहा मिनिटांनी त्याचा स्फोट झाला. त्या आगीशी झुंजताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले.

या स्फोटाविषयी पुष्कळ बोलले जाते. सोन्याच्या विटा आकाशातून पडल्याच्या कथा आजही ऐकावयास मिळतात. परंतु ज्या जहाजात हा अनर्थ घडला ते कोठून आले, त्यात काय भरले होते आणि दोन दिवस ते गोदीत कोणत्या स्थितीत उभे होते, याची माहिती तितकीशी परिचित नाही. त्या जहाजाची कहाणी क्रमाने पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हा अनर्थ एखाद्या मोठ्या चुकीतून उद्भवलेला नव्हता. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांनी, बहुतेक वेळी काहीतरी समर्थनीय कारणास्तव केलेल्या लहान लहान दुर्लक्षांची ती बेरीज होती.

जहाजांची निकड

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या वर्षांत ब्रिटनपुढील सर्वांत बिकट प्रश्न जहाजांचा होता. अन्नधान्य, तेल, पोलाद, दारूगोळा हे सारे समुद्रमार्गे येत असे आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवीत होत्या. १९४२ या एका वर्षात पाणबुड्यांनी मित्रराष्ट्रांची एक हजारांहून अधिक जहाजे समुद्राच्या तळाशी पाठवली. बुडणाऱ्या जहाजांपेक्षा अधिक वेगाने नवी जहाजे बांधणे, हाच त्यावर उपाय होता. ब्रिटनमधील कारखाने अपुरे पडत असल्याने १९४० च्या अखेरीस एक तांत्रिक शिष्टमंडळ अमेरिका व कॅनडा येथे पाठवण्यात आले. त्याने अमेरिकेत ६० व कॅनडात २६ जहाजांची मागणी नोंदवली. पुढे ही मागणी कित्येक पटींनी वाढली.

कॅनडात बांधलेल्या या जहाजांचा आराखडा इंग्लंडमधील संडरलंड येथील एका जहाजबांधणी कारखान्याचा होता. त्या कारखान्याच्या जागेवरून या प्रकारास ‘नॉर्थ सँड्स’ असे नाव पडले. सुमारे दहा हजार टन माल वाहण्याची क्षमता, कोळशावर चालणारे वाफेचे इंजिन, ताशी अकरा सागरी मैलांच्या आसपास वेग आणि माल भरण्यासाठी पाच कोठ्या, असे त्याचे साधे स्वरूप होते. दिसण्यात डौल नव्हता, वेगही बेताचा होता. परंतु ही जहाजे लवकर बांधून होत आणि चालवावयास सोपी असत. ब्रिटनच्या उपयोगासाठी दिलेल्या या जहाजांच्या नावांच्या आरंभी ‘फोर्ट’ हा शब्द असे. उत्तर अमेरिकेत फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या जुन्या ठाण्यांची नावे त्यांपैकी अनेकांना देण्यात आली होती. स्टिकीन हे असेच एक ठाणे अलास्काच्या किनाऱ्यावर, आज रँगल हे गाव आहे तेथे, होते.

‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील प्रिन्स रूपर्ट या बंदरात बांधले गेले आणि १९४२ साली सेवेत दाखल झाले. त्याचे नोंदणीकृत टनभार-माप सात हजारांहून थोडे अधिक होते. या वर्गातील इतर जहाजांप्रमाणेच त्याच्या वाट्याला युद्धकाळातील मालवाहतूक आली. मुंबईला येण्यापूर्वी या जहाजात विशेष उल्लेखनीय असे काही नव्हते. अशी शेकडो जहाजे त्या काळी समुद्रावर होती. इतिहासात त्याचे नाव राहिले ते त्याच्या अखेरच्या प्रवासामुळे.

बर्कनहेड ते मुंबई

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ने इंग्लंडमधील बर्कनहेड बंदर सोडले. कप्तान होते अलेक्झांडर जेम्स नाइस्मिथ. जिब्राल्टर, पोर्ट सैद, सुएझ कालवा व कराची या मार्गाने जहाज मुंबईस यावयाचे होते. पूर्वेकडील आघाडीवर त्या वेळी युद्ध निकराला आले होते. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजांनी इंफाळ व कोहिमाच्या दिशेने चढाई सुरू केली होती. त्यामुळे हिंदुस्थानात पोहोचणाऱ्या दारूगोळ्याच्या प्रत्येक टनास महत्त्व होते.

जहाजात सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता. त्यांत तोफगोळे, पाणसुरुंग, टॉर्पेडो असे नाना प्रकार होते. यांपैकी २३८ टन स्फोटके ‘अ’ वर्गातील, म्हणजे अतिसंवेदनशील होती. याशिवाय खोक्यांत बंद केलेली स्पिटफायर लढाऊ विमाने होती. रुपयाच्या स्थैर्यासाठी पाठवलेले सोनेही होते. लाकडाच्या ३१ पेट्या, प्रत्येक पेटीत सोन्याच्या चार विटा, प्रत्येक विटेचे वजन बारा किलोग्रॅमहून अधिक. या सोन्याची किंमत त्या वेळी सुमारे नऊ लक्ष पौंड होती.

कराचीस काही माल उतरवल्यावर जहाजात जागा रिकामी झाली. युद्धकाळात जहाजातील रिकामी जागा ही चैन परवडणारी नव्हती. मुंबईला पाठवावयाचा माल कराचीत पडून होता. म्हणून तेथे कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड असा माल चढवण्यात आला. कापूस व तेल हे दोन्ही ज्वालाग्राही पदार्थ. ते स्फोटकांच्या सोबतीने भरावेत, हे शांततेच्या काळात कोणत्याही बंदराने मान्य केले नसते. क्रमांक दोनच्या कोठीत तळाशी कापसाच्या गाठी आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर स्फोटके, अशी रचना झाली. ही रचनाच पुढील साऱ्या घटनांचे मूळ ठरली.

गोदीतील दोन दिवस

१२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ मुंबईस पोहोचले आणि व्हिक्टोरिया गोदीतील क्रमांक एकच्या धक्क्यास लागले. युद्धापूर्वीच्या प्रथेप्रमाणे स्फोटके आणणाऱ्या जहाजास गोदीत प्रवेश मिळत नसे. ते बाहेर खाडीत नांगर टाकी आणि तेथेच पडावांमध्ये स्फोटके उतरवून घेतली जात. युद्धाच्या निकडीमुळे हा निर्बंध शिथिल करण्यात आला होता. बंदरात जहाजांची गर्दी होती, प्रत्येक जहाज लवकर रिकामे करून परत पाठवणे आवश्यक होते, आणि धक्क्यावर माल उतरवणे खाडीत उतरवण्यापेक्षा जलद होते. सवलतीमागील कारण खरे होते. मात्र जुना निर्बंध ज्या धोक्यामुळे घातला गेला होता, तो धोका शिथिलतेमुळे कमी झालेला नव्हता.

धोकादायक माल असलेल्या जहाजाने तांबडे निशाण लावावे, असा नियम होता. ‘फोर्ट स्टिकीन’वर ते लावले गेले नाही. परिणामी शेजारच्या धक्क्यांवरील जहाजांना, गोदीत वावरणाऱ्या हजारो कामगारांना आणि अधिकाऱ्यांना आपल्याजवळ काय उभे आहे याची सूचना मिळाली नाही. ‘अ’ वर्गातील स्फोटके थेट धक्क्यावर न उतरवता पडावांमध्ये उतरवणे आवश्यक होते आणि त्या कामास विलंब झाला. १४ एप्रिल उजाडला तेव्हा स्फोटके जहाजातच होती.

१४ एप्रिलची दुपार

दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरील काही लोकांना ‘फोर्ट स्टिकीन’च्या क्रमांक दोनच्या कोठीच्या वायुवाहक नळातून धूर निघताना दिसला. जेवणाची सुटी होती. ज्या जहाजातून धूर येत आहे त्या जहाजावरील लोकांना तो दिसत असेलच, अशी समजूत करून कोणी वर्दी दिली नाही. दीडच्या सुमारास कामगार परत आले तेव्हा कोठीतून धूर येत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. जहाजावरील लोकांनी व धक्क्यावर तैनात असलेल्या अग्निशामकांनी नळ सोडून पाणी मारण्यास आरंभ केला.

मुंबई अग्निशमन दलास वर्दी पोहोचली ती नेहमीच्या आगीची. त्यानुसार प्रथम दोन बंब आले. जहाजात स्फोटके आहेत हे कळल्यावर अधिक बंब मागवण्यात आले. तोवर बहुमोल वेळ निघून गेला होता.

दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीची आग ही विशेष कठीण असते. गाठीच्या आत हवा अडकलेली असते. ठिणगी एकदा आत शिरली की ज्वाळा न दिसता कापूस तासन् तास धुमसत राहतो. वरून मारलेले पाणी गाठीच्या पृष्ठभागावरून ओघळून जाते आणि आतील निखारा तसाच राहतो. दाट धुरामुळे कोठीत उतरून आगीचे नेमके ठिकाण शोधणेही शक्य झाले नाही. जहाजात नऊशे टनांहून अधिक पाणी ओतण्यात आले. कापूस पाण्यावर तरंगतो. पाण्याची पातळी वाढत गेली तशा जळत्या गाठी वर, स्फोटकांच्या मजल्याच्या दिशेने सरकू लागल्या. जहाजाच्या बाहेरील बाजूचा रंग एके ठिकाणी उष्णतेने फुगू लागला. आगीचे केंद्र तेथे आहे हे उघड झाले, पण पोलादी पत्र्यास भोक पाडून तेथवर पोहोचण्याचा प्रयत्न सफल झाला नाही.

या दोन तासांत धक्क्यावर अनेक अधिकारी उपस्थित होते. जहाजाचा कप्तान होता, अग्निशमन दलाचे प्रमुख होते, गोदीचे व्यवस्थापक होते आणि स्फोटकांची माहिती असलेले सैन्याचे अधिकारी होते. जहाज जागीच बुडवावे, ते गोदीबाहेर ओढून न्यावे, की आहे तेथेच आग विझवावी, असे निरनिराळे विचार पुढे आले. प्रत्येकात अडचण होती. गोदीत पाण्याची खोली बेताची असल्याने जहाज बुडवूनही वरच्या कोठ्या पाण्याबाहेर राहण्याची भीती होती. जळते जहाज अरुंद प्रवेशद्वारातून बाहेर नेण्यास वेळ लागला असता. कोणता मार्ग अधिक बरा ठरला असता, यावर नंतर बरीच चर्चा झाली. परंतु त्या वेळी यांपैकी कोणत्याही एका व्यक्तीस निर्णय घेऊन तो सर्वांवर बंधनकारक करण्याचा निर्विवाद अधिकार नव्हता. निर्णय न झाल्यामुळे पाणी मारणे तेवढे चालू राहिले. इकडे गोदीतील अन्य जहाजे दूर हलवण्याचे अथवा परिसर रिकामा करण्याचे आदेशही निघाले नाहीत. उलट आग पाहण्यासाठी लोक जमले होते.

पावणेचारच्या सुमारास कोठीतून मोठ्या ज्वाळा उसळल्या. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडून जाण्याचा हुकूम देण्यात आला. अग्निशमन दलाचे जवान तरीही धक्क्यावरून पाण्याचे झोत मारीत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला.

चार वाजून सहा मिनिटे

पहिल्या स्फोटाने जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटर अंतरावरील घरांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली आणि दूरवरच्या सिमल्यापर्यंत जमिनीचे कंपन पोहोचले. धक्क्यावर पाणी मारणारे जवान आणि जवळ असलेले कामगार जागीच नाहीसे झाले. कप्तान नाइस्मिथ यांचाही मृत्यू झाला. गोदीत उसळलेल्या प्रचंड लाटेने जहाजे खेळण्यासारखी फेकली गेली. सिंधिया कंपनीचे ‘जलपद्म’ हे जहाज तर पाण्याबाहेर उचलले जाऊन धक्क्यावर आदळले.

सुमारे अर्ध्या तासाने, पहिल्या स्फोटात सापडलेल्यांच्या मदतीसाठी लोक धावून आले असतानाच, जहाजाच्या मागील भागातील स्फोटकांचा दुसरा स्फोट झाला. जळता कापूस, तेल, तापलेले लोखंड यांचा वर्षाव गोदीपलीकडील वस्तीवर झाला. गोदामे, वखारी, चाळी व झोपड्या पेटल्या. मांडवी व मस्जिद बंदर या दाट वस्तीच्या व्यापारी भागास आगीने वेढले. धान्याची गोदामे भस्मसात झाली. आदल्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. अशा काळात धान्याचा हा नाश किती दुःसह होता, हे सांगावयास नको. आग आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले.

या दुर्घटनेत तेरा जहाजे नष्ट झाली. मृतांची नेमकी संख्या कधीच निश्चित झाली नाही. सातशे ते आठशेंपासून तेराशेपर्यंत निरनिराळे अंदाज करण्यात आले आहेत. गोदीच्या परिसरात राहणाऱ्या कष्टकऱ्यांपैकी पुष्कळांची कोठे नोंदच नव्हती. जे कोकणातून व घाटावरून पोटासाठी मुंबईस आले होते, त्यांच्यापैकी कित्येकांचा गावी परत न येणे हाच एक पुरावा राहिला असेल. गोदीतील विविध सेवांत काम करणाऱ्या मृतांची संख्या २३१ नोंदवली गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यांतच येतात. जखमींची संख्या हजारांच्या घरात होती. हजारो कुटुंबे निराधार झाली आणि व्यापारी पेढ्या बंद पडल्याने असंख्य लोकांचा रोजगार बुडाला.

युद्धकालीन नियंत्रणामुळे या घटनेचे सविस्तर वृत्त देण्यास वृत्तपत्रांना बंदी होती. जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने मात्र दुसऱ्याच दिवशी ही बातमी प्रसारित केली. येथील व परदेशी वार्ताहरांना तपशील देण्याची मुभा मिळाली ती मे महिन्यात. अधिकृत माहितीच्या अभावी शहरात जपानी हल्ल्याच्या व घातपाताच्या अफवा पसरल्या आणि शेकडो कुटुंबांनी मुंबई सोडली. लोकांना वेळेवर खरी माहिती न मिळाल्यास तिची जागा भीती घेते, याचे हे उदाहरण आहे.

पुन्हा उभी राहिलेली गोदी

मलबा काढून गोद्या पुन्हा वापरण्याजोग्या करण्याचे काम आठ हजार माणसांनी सात महिने केले. सुमारे पाच लक्ष टन मलबा उपसण्यात आला. बुडालेली जहाजे कापून अथवा वर काढून दूर करावी लागली. युद्ध चालू असताना मुंबई बंदर बंद ठेवणे शक्य नव्हते, त्यामुळे हे काम रात्रंदिवस चालले. मालमत्तेच्या हानीबद्दल भरपाई देण्यासाठी सरकारने १९४४ मध्येच स्वतंत्र अध्यादेश काढला.

जहाजावरील सोन्याच्या विटा सर्वत्र विखुरल्या होत्या. एक वीट गोदीपासून दूर असलेल्या एका घरावर येऊन पडली. बहुतेक सोने पुढे हाती आले आणि गाळ काढताना अनेक दशकांनंतरही विटा सापडत राहिल्या. २०११ साली बंदरात गाळ काढताना न फुटलेला तोफगोळाही सापडला. जहाज नष्ट होऊन सहा दशके उलटल्यानंतरही त्याचा माल समुद्राच्या तळाशी होता, हे यावरून दिसते.

चौकशी समितीचे निष्कर्ष

या दुर्घटनेच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. घातपाताची शक्यता समितीने ग्राह्य धरली नाही. आगीचे मूळ कापसाच्या गाठींत असावे आणि धूम्रपान करणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे ती लागली असावी, असा तिचा रोख होता. पुढील बाबींवर टीका करण्यात आली :

१. कापूस व स्फोटके यांची एकाच कोठीत, एकावर एक साठवण.
२. धोकादायक मालाचे निदर्शक असलेले तांबडे निशाण न लावणे.
३. स्फोटके उतरवण्यात झालेला विलंब.
४. आग कोंडून धरण्यासाठी कोठीत वाफ सोडण्याच्या व्यवस्थेचा उपयोग न करणे.
५. अग्निशमन दलास वर्दी देण्यात झालेला उशीर.

ही यादी बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिली चूक कराचीत झाली, दुसरी जहाजावर, तिसरी बंदराच्या व्यवस्थेत, चौथी आग विझवताना आणि पाचवी आग दिसताच. यांपैकी कोणतीही एक टळली असती, तर कदाचित एका जहाजाची आग एवढ्यावरच हे प्रकरण संपले असते. प्रत्येक कार्यालयाने आपापल्या कामापुरते पाहिले. जहाजात काय भरले आहे याची यादी कागदावर होती, परंतु ती माहिती आणि निर्णयाचा अधिकार या दोन गोष्टी वेळेवर एका ठिकाणी आल्या नाहीत. पाण्याच्या झोताची नळी हातात धरून उभ्या असलेल्या जवानाला तर आपल्यापासून काही हातांवर शेकडो टन स्फोटके आहेत, हे सांगणारी कोणतीही खूण समोर नव्हती.

इतर बंदरांचा अनुभव

अशा दुर्घटना केवळ मुंबईत घडल्या नाहीत. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ ब्लाँ’ हे स्फोटकांनी भरलेले जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून पेटले आणि त्याच्या स्फोटात दीड हजारांहून अधिक माणसे मरण पावली. मुंबईच्या घटनेनंतर तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकँप’ या जहाजातील अमोनियम नायट्रेट या खताचा स्फोट झाला. तेथे आग विझवण्यासाठी कोठी बंद करून वाफ सोडण्यात आली होती. कापसाच्या आगीवर उपयुक्त ठरू शकणारा हा उपाय तेथे निरुपयोगी ठरला, कारण अमोनियम नायट्रेटला जळण्यासाठी बाहेरच्या हवेची गरज नसते. पदार्थ कोणता हे जाणल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही, हा धडा या दोन घटनांच्या तुलनेतून मिळतो.

४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनमधील बैरूत बंदरात गोदामात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. तो साठाही एका मालवाहू जहाजातून उतरवलेला होता. आग विझवण्यास गेलेल्या जवानांना गोदामात काय आहे याची पूर्वकल्पना देण्यात आली नव्हती. मुंबईपासून बैरूतपर्यंत ७६ वर्षे लोटली, तरी प्रश्नाचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

बदललेली व्यवस्था

या काळात नियमांत मात्र पुष्कळ सुधारणा झाली आहे. समुद्रमार्गे होणाऱ्या धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारण्यात आली आणि २००४ पासून ती बंधनकारक झाली. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवू नये, प्रत्येक पेटीवर कोणते चिन्ह असावे, कागदपत्रांत काय नमूद करावे, हे तीत ठरवून दिले आहे. गोदी कामगारांची सुरक्षितता, आरोग्य व कल्याण यांसाठी आपल्याकडे १९८६ मध्ये कायदा झाला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. संकटसमयी आदेश कोणी द्यावयाचा, या १९४४ मधील अनुत्तरित प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतींचे मालक व भोगवटादार यांच्यावर जबाबदारी सोपवली आहे.

परंतु नियम कितीही असले तरी त्यांची परीक्षा एखाद्या गोदामाच्या दाराशीच होते. तालुक्याच्या ठिकाणी सरकी व कापसाच्या गाठींची गोदामे आहेत. गावोगावी खते व कीटकनाशके साठवलेली असतात. यात्रेच्या व दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांची दुकाने दाटीवाटीने उभी राहतात. शाळेच्या प्रयोगशाळेतही रसायनांचे कपाट असते. ‘फोर्ट स्टिकीन’च्या कहाणीतून निघणारे चार प्रश्न या प्रत्येक ठिकाणी विचारता येतात. आत काय ठेवले आहे, याची यादी दाराजवळ लावली आहे काय? परस्परांना घातक असे पदार्थ वेगळे ठेवले आहेत काय? धूर दिसताच वर्दी कोणी द्यावयाची हे ठरले आहे काय? आणि आग लागल्यास लोकांना हटवण्याचा आदेश कोण देणार? ग्रामपंचायतीच्या बैठकीत वा शाळेच्या सभेत यांची उत्तरे एकदा लिहून ठेवण्यास फारसा वेळ लागणार नाही. खर्च तर जवळजवळ नाहीच.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दलाचे जवान आपल्या ६६ सहकाऱ्यांच्या स्मृतीस वंदन करतात. ते ज्या आगीकडे धावले ती त्यांनी लावलेली नव्हती, आणि तिच्या पोटात काय आहे हे त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणी सांगितलेही नव्हते. आजही वर्दी मिळताच बंब निघतो, तेव्हा त्यातील जवान असाच एखाद्या अनोळखी दाराकडे जात असतो. त्या दाराआड काय आहे हे त्याला कळण्याची सोय करून ठेवणे, हे दाराच्या अलीकडे राहणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.